धाटाच्या गाडीतली टाचणी

उमरगा, १२ ऑक्टोबर २०२५

चि. विरुपाक्ष यास,

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. एखादी बाब चुकली असेल, तर तिचा क्रमांक लिहून कळव. "अक्का, तुझं नेहमीचंच" एवढे म्हटल्याने कोणतीही बाब चुकीची ठरत नाही.

एक. गेल्या वेळा अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवसीला, आपण सगळे माकणीच्या शेतात जमलो होतो. पूजेची कडब्याची झोपडी, आपली कोपी, भावकीतल्या शांतलिंगने उभी केली, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी नागूबाई काकूंनी शिजवली, मीठ नेहमीप्रमाणे दोनदा पडले आणि दोष नेहमीप्रमाणे चुलीला मिळाला.

दोन. जेवणानंतर धाटाच्या गाड्यांचा खेळ झाला. नियम तुला पाठ आहेत. तरी लिहिते, कारण पुढचे सारे त्यांवर उभे आहे. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाची साल आणि तिच्या आतला पांढरा भेंड, एवढ्यातूनच गाडी करायची. दोरा, डिंक, काटा, तार, टाचणी वर्ज्य. फळीच्या उतारावरून गाडी पाच बोरे घेऊन सुटली पाहिजे आणि खाली पोचेपर्यंत तिचे चाक निसटता कामा नये. त्यानंतर परीक्षक गाडी उलटी करून पाहतो. हा नियम गुंडाप्पा काकांचा: "धाटाचं काम धाटानंच धराया पायजे." परीक्षक मी आहे. मला काकांनी नेमले, कोणी निवडून दिलेले नाही.

तीन. शांतलिंगचे चाक गाडीच्या आधी खाली पोचले. तुझ्या करिश्माची तीन चाकांची मालमोटार अर्ध्या वाटेत आडवी झाली, ती म्हणाली, "आत्या, हायवेवर असंच होतं." मग काकांची गाडी सुटली आणि नांगरटीवरून परतणाऱ्या जोडीच्या डौलाने खाली उतरली. एकही बोर जागचे हलले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत मोठ्याने तू.

चार. मी गाडी उलटी केली. आसाच्या टोकाशी टाचणी होती. मोत्याच्या टोपीची, टोपी भेंडात दाबून बुजवलेली. मी "बाद" म्हटले.

पाच. काकांनी गाडी हातात घेतली. टाचणीकडे पाहिले. मग आपणा सर्वांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "म्याच घातली. बाद तर बाद."

सहा. तू ताडकन उठलास. "आजारी माणसाची अब्रू काढतीस? माणूस मोठा का तुझा नियम मोठा?" असे चारचौघांत ओरडलास. संध्याकाळी हेंडगा पेटायच्या आधी तू सोलापूरच्या वाटेला लागलास. कडब्याची ती पेटती चूड शेताभोवती फिरल्याशिवाय आपल्या घरचे कोणी आजवर शिवार सोडून गेले नव्हते.

सात. संक्रांतीपूर्वी तू काकांना कंपवाताच्या उपचारासाठी सोलापूरला नेलेस. म्हशींना कोण पाहणार, म्हणून काकू माकणीत राहिल्या. उपचारांना माझा विरोध नाही. परंतु काका त्यानंतर माकणीला आलेले नाहीत. नागपंचमीला नाही, गौरींना नाही.

आठ. श्रावणात उमरग्याच्या एका साखरपुड्यात शांतलिंगच्या सासरकडचे एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले. पान लावता लावता म्हणाले, "काय म्हणतात टाचणीवाले आप्पा? बरे हैत का?" आणि पंगतीत हसू पसरले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बांधाची माती सुद्धा इकडची तिकडे केली नाही, त्याला आता या नावाने ओळखतात.

नऊ. परवा घरच्या ग्रुपवर तू लिहिलेस की यंदाची येळवस सोलापूरजवळच्या एका फार्महाऊसवर होईल, जेवण केटररचे असेल, आणि "गाड्यांचा खेळ नको, उगाच वाद होतात."

केटररची भज्जी, विरुपाक्ष! काकूंना मी हे अद्याप सांगितलेले नाही.

टाचणी कोणी घातली, हे या पत्रात मी लिहीत नाही. मला ते माहीत नाही म्हणून नव्हे. ते लिहिण्याचा पहिला अधिकार दुसऱ्या कोणाचा तरी आहे, आणि तो त्याने बजावावा म्हणून मी इतके दिवस थांबले आहे.

उत्तर लेखी पाठव.

महेश्वरी


उमरगा, ३० ऑक्टोबर २०२५

चि. विरुपाक्ष यास,

तुझा ध्वनिमुद्रित निरोप करिश्माच्या फोनवरून मिळाला. त्यात मागून प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. ते उत्तर नव्हे. तरीही त्यातील मुद्दे मी उतरवून घेतले आहेत, कारण तू काय म्हणालास ते पुढे तुला आठवणार नाही.

तू म्हणतोस, काकांनी स्वतःच कबूल केले, मग प्रश्न मिटला. मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. कबुली आणि पुरावा यांतील अंतर मला कळते. ती गाडी माझ्यापाशी आहे. टाचणी आसातून चाकाच्या मधल्या तुंब्यात एका रेषेत, एका दाबात गेलेली आहे. भेंड कुठेही फाटलेला नाही, दुसरे छिद्र नाही. ज्याचा हात चहाची बशी तोंडापर्यंत नेताना निम्मा चहा सांडतो, त्याला भेंडात टाचणी सरळ घालता येत नाही. ती पहिल्याच खेपेला ज्याने घातली, त्याचा हात धडधाकट होता. काकांनी खोटे सांगितले. आयुष्यात एकदाच, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध.

दिवाळीत मी माकणीला गेले होते. यंदाच्या पावसाने कडब्याची गंज आतून काळी पडली आहे. वरच्या चार पेंढ्या वाटतात बऱ्या, हात घातला की चिखल. काकू अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. मी विषय काढलाच नव्हता. त्यांनीच काढला, आणि तुला त्या अजून तम्माच म्हणतात.

"आगं, बगितलंय म्या," त्या म्हणाल्या. "ह्ये अंबील शिपडाया शिवारात गेलते. हिकडं चाक ढिलं पडलं. तम्मानं पोरीच्या वढणीची टाचणी काढली न् खुपसली. म्या पोळ्या झाकत हुते, माझ्याकडं बगून हसला बी."

"मग काकू, तुम्ही त्या वेळी गप्प का राहिलात?"

"तुझा काका म्हनला म्याच घातली. मंग म्या कोन? नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडू व्हय?"

माझा तर्क होताच; तो क्षण कसा होता, हे मात्र आता मला नीट उमगते. काका खांद्यावर घोंगडी टाकून, अंबिलाने भरलेली बिंदगी घेऊन, ज्वारीच्या ओळींतून "होलगे होलगे, सालम पोलगे" असा पुकारा करीत चालले होते. त्या कानडी शब्दांचा अर्थ आपल्या घरात कोणाला सांगता येत नाही, पण त्यांच्याइतक्या विश्वासाने तो पुकारा कोणी करीत नाही. आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे त्यांच्या गाडीला त्यांच्याच नियमाविरुद्ध टाचणी लागत होती. तू मनात म्हणाला असशील, म्हातारा खूश होईल. मी ते अमान्य करीत नाही. तुझा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट तपासायची नसते, असे मात्र मला कोणी शिकवलेले नाही.

काकूंनी मलाही सोडले नाही. तुला ते ऐकून बरे वाटेल, म्हणून जसेच्या तसे देते. "तू बी लई ताठ हैस, महेशी. बाद करायचं तर कर, पन कानात सांगितलं असतंस तर जीभ झिजली असती का? आन् आता ह्यांनी पोरावर पांघरून घातलंय, ते तू कशाला वढतीस?"

मी म्हटले, "काकू, पांघरूण घालणारा स्वतः थंडीत कुडकुडतो आहे, त्याचं काय?"

शेंगांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हशीबी हंबरतेत त्यांच्या वक्ताला."

कानात सांगण्याच्या सूचनेवर मी विचार केला. निर्णय तोच आहे. त्या दिवशी शांतलिंगचे "बाद" मी मोठ्याने म्हटले, करिश्माचे मोठ्याने म्हटले. काकांचेच कानात सांगितले असते, तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की ते आता खेळात नाहीत, आपण त्यांना खेळवतो आहोत. तू त्यांच्यावर दया केलीस. मी त्यांना स्पर्धक मानले. कोण त्यांना अधिक मान देत होते, हे तू ठरव. मी ठरवलेले आहे.

तुला आठवते का, तू चौथीत असताना आसाला बाभळीचा काटा लावला होतास? काकांनी गाडी उलटी केली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाद." तू कोपीत जाऊन पूजेला मांडलेल्या पाच पांडवांच्या दगडांमागे तोंड लपवून बसलास. काका आत आले, तुला मांडीवर घेतले, द्रोणाने अंबील पाजली आणि म्हणाले, "रड तू. पन गाडी बादच." दुसऱ्या वर्षी तू केलेली गाडी त्यांनी शिंक्यात ठेवून पावसाळाभर जपली. तेव्हा त्यांनी नियम मोठा मानला की माणूस, हे मला विचारण्यापूर्वी तू स्वतःला विचार.

आता माझी मागणी स्पष्ट लिहिते. टाचणी तू घातलीस, हे तू स्वतःच्या हाताने लिहून द्यावेस. ते येळवसीला कोपीपुढे सर्वांसमक्ष वाचले जाईल, आणि शांतलिंगच्या सासरकडच्यांना मी खास निमंत्रण देणार आहे. दुसरे, काकांना त्या दिवशी माकणीला आणावेस.

तुझी अट मी ऐकली: "अक्कानं आधी परीक्षक होणं सोडावं, मग बघू." सोडणार नाही.

महेश्वरी


उमरगा, १८ नोव्हेंबर २०२५

चि. विरुपाक्ष यास,

तुझी मुलगी परवा एसटीने येऊन गेली. तिने तुला मैत्रिणीच्या घरी जाते असे सांगितले असेल. तिला रागावू नकोस. खोटे बोलताना तिचे कान लाल होतात, म्हणजे अजून सवय लागलेली नाही.

तिने मिठाईच्या खोक्यात कापसावर ठेवून एक गाडी आणली. काकांनी केलेली.

तिच्याकडून जे कळले, ते तुझ्या माहितीसाठी लिहिते, कारण तुला ते अर्धेच माहीत आहे. ती सोलापूरच्या कडबा बाजारातून दर आठवड्याला काकांना धाटे आणून देते. काका गॅलरीत बसून गाड्या करतात. दुपारी त्यांचा डोळा लागला की तू ऑफिसातून जेवायला येतोस, आणि त्यांच्या गाड्यांची चाके डिंकाने चिकटवून, आसाला टाचणी मारून, नीट करून ठेवतोस. काका उठतात. गाडी उलटी करून पाहतात. फळीवर ठेवून देतात आणि दुसरी करायला घेतात. तुझ्या दिवाणखान्यातली ती फळी आता सुबक गाड्यांनी भरली आहे, आणि पाहुण्यांना तू अभिमानाने सांगतोस, "काकांनी केल्यात." त्यांतली एकही काकांची नाही.

ही जी आली, ती काकांनी उशीच्या अभ्र्यात लपवून ठेवली होती. करिश्माला म्हणाले, "ही तम्माच्या हाताला लागू द्यू नगं. अक्काकडं न्ही. ती बगंल."

मी पाहिली.

साल काही ठिकाणी कातरलेली, काही ठिकाणी दातांनी सोललेली. एक दांडी आखूड. जू वाकडे. चाकाचा घेर गोल म्हणावा तर नाही, पण गोल करण्याचा हट्ट त्यात स्पष्ट दिसतो. तुंब्याचे छिद्र भलतेच मोठे. हात हलल्यावर चाकू एकदा नव्हे, अनेकदा फिरला असणार. कुठेही दोरा नाही, डिंक नाही, टाचणी नाही. धाटाने धाट धरलेले, जेवढे धरता आले तेवढे.

फळी अंगणातल्या पायरीला लावली. बोरे अजून हिरवी आहेत, तीच पाच ठेवली. करिश्मा हातांच्या मुठी आवळून उभी होती. गाडी सुटली. चांगली सुटली. पहिला हात-दीड हात ती अशी गेली की एकही बोर हलले नाही. मग डावे चाक आसावरून सरकले, निसटले, आणि बोरे पायरीवरून घरंगळत तुळशीपर्यंत गेली.

करिश्माने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते. "आत्या," ती म्हणाली, "आज्जाला सांगू ना, की उतरली म्हणून? कुणाला कळणारेय?"

"त्यांना कळेल," मी म्हटले. "बाद."

ती रागाने आत गेली. मला तिचे वागणे आवडले. मग मी तिला बसवून निकाल सविस्तर सांगितला: तुंब्याचे छिद्र निम्म्याने लहान हवे, आसाची साल पातळ पडली, ती धाटाच्या जाड बुडख्याची घ्यावी, बाजारातली धाटे संकरित ज्वारीची आहेत, त्यांचा भेंड भुसभुशीत. माझ्या माळ्यावर गेल्या सुगीची मालदांडी ज्वारीची पेंढी आहे. पावसाचा थेंब तिला लागलेला नाही. त्यातली निवडक धाटे वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्यासोबत दिली.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. मी फोनवरची बोलणी पुरावा मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण हे तुला सांगावेच लागेल. तिने काकांना निकाल सांगितला. काका हसू लागले, खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "बाद व्हय? छिद्र मोठं पडलं म्हनली? बराबर हाय. बराबर हाय तिचं. आन ती धाटं हिकडं." त्यानंतर तू जेवायला आलास, फळीपाशी गेलास, आणि ते तुझ्यावर ओरडले. काय ओरडले ते करिश्माने सांगितले, पण तू समोर होतास, तेव्हा मी पुन्हा लिहीत नाही.

तू त्यांना औषध देतोस, वेळेवर जेवण देतोस, डॉक्टरांकडे नेतोस. याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि हे वाक्य मी शिष्टाचार म्हणून लिहिलेले नाही. परंतु त्यांची चूक त्यांच्यापाशी राहू दे. तेवढी एकच वस्तू आता सर्वस्वी त्यांच्या हाताची आहे.

करिश्माने आणखी एक निरोप आणला. तो माझ्यासाठी होता आणि मला तो फारसा रुचला नाही. "अक्काला म्हनावं, लई वर्सं झाली नुस्ती बगतीस. ह्या येळवसीला तू बी एक गाडी कर. निकाल म्या दीन."

मी होकार कळवला आहे.

महेश्वरी


उमरगा, ६ डिसेंबर २०२५

चि. विरुपाक्ष यास,

तुझा फोन आला. तू प्रथमच आवाज न चढवता बोललास, म्हणून मीही मध्ये बोलले नाही. तू जे म्हणालास, त्याला आता क्रमाने उत्तर देते.

तू म्हणालास, "अक्का, मी त्याच दिवशी बोलणार होतो. काका म्हणाले, म्याच घातली, आणि माझी जीभच उचलली नाही. मग जितका उशीर झाला, तितकं अवघड झालं." यावर मला काही म्हणायचे नाही. फक्त हेच वाक्य, असेच्या असे, कागदावर लिही. मी मागते त्याहून ते चांगले आहे.

तू म्हणालास, "घरातली गोष्ट घरात राहू दे." घरातली गोष्ट पंगतीत पोचली आहे. टाचणीवाले आप्पा हे नाव ज्या वाटेने बाहेर गेले, त्याच वाटेने खरे नाव परत आणावे लागेल.

तू म्हणालास, शेतात ढेकळे आहेत, काका पडतील. शांतलिंगने यंदा कोपीची जागा रस्त्यालगतच्या पट्टीत धरली आहे आणि तिथपर्यंत पाळी घालून, फळी मारून जमीन सपाट केली आहे. मी स्वतः चालून पाहिले. उंच टाचांची पादत्राणे घालून, मुद्दाम. शांतलिंग बांधावर बसून पोट धरून हसत होता. "अक्का, म्हशीला बी एकदा घाल ते, मंग खात्री हुईल," म्हणाला. अंबिलाची बिंदगी यंदा काकांबरोबर तो धरील. पुकारा मात्र काकांनीच करायचा. दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते शब्द बसत नाहीत. गेल्या वर्षी तू निघून गेल्यावर हेंडगा फिरला, पण त्या वेळचा पुकारा कोणी केला नाही. हे तुला कोणी सांगितले नसेल.

तू म्हणालास, फार्महाऊसचे आगाऊ सांगून झाले आहे. ते रद्द कर. काकूंना मी अखेर केटररची बातमी दिली. त्या म्हणाल्या, "भज्जी इकत? म्हंजी वल्ली तूर कोन सोलनार? कोन भांडनार?" आणि नंतर जे म्हणाल्या, त्यात आपल्या आजोबांचा उल्लेख होता, म्हणून गाळते.

तू शेवटी विचारलेस, "आणि मी नाहीच आणलं काकांना, तर काय करशील?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर तयार आहे. शांतलिंगच्या टेम्पोत कोरड्या कडब्याच्या पेंढ्या, पाच पांडवांचे चुन्याने रंगवलेले दगड, उतारासाठी फळी, भज्जीचे पातेले, अंबिलाची बिंदगी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी नागूबाई काकू. येळवसीला सकाळी कोपी तुझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहील. काका लिफ्टने खाली येतील. तुझ्या सोसायटीच्या अध्यक्षांना मी परवानगीचा अर्ज पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही. काकूंना ही योजना इतकी आवडली आहे की तू काकांना माकणीला आणणार म्हटलेस, तर त्या थोड्या हिरमुसतील. "त्येच्या मोटारीच्या बोनटवर पोळ्या वाळवीन," असे त्या म्हणतात. हेंडग्याबद्दल मात्र मी त्यांना निक्षून सांगितले आहे की तो पार्किंगमध्ये पेटवता येणार नाही. त्यांनी "बगू" म्हटले आहे. मी जबाबदारी घेत नाही.

आता माझ्या गाडीबद्दल. ती झाली आहे. चौथ्या प्रयत्नात. प्रत्येक माप मी फुटपट्टीने घेतले, दोन्ही चाके कर्कटकाने आखली, आस तासून गुळगुळीत केला. फळीवरून तिला सोडून पाहिलेले नाही. तो माझा अधिकार नाही. स्पर्धक स्वतःची गाडी अगोदर सोडून पाहत नाही, हाही काकांचाच नियम, आणि तुला तो आठवत असेल, कारण तू तो लहानपणी दरवर्षी मोडत होतास. काल काकूंनी ती दुरूनच पाहिली आणि म्हणाल्या, "लई देखनी हाय. उतरायची न्हाय." मला त्यांचे मत मान्य नाही. परंतु त्यावरचा निकाल फक्त एक माणूस देऊ शकतो, आणि त्याने ती आपल्या थरथरत्या हातांनी उलटी करून बघायला हवी. सगळ्यांसमक्ष. मोठ्याने.

त्यांच्या नव्या गाडीचा निकाल मी देईन. ती उतरली, तर उतरली म्हणेन. चाक निसटले, तर त्यांच्या डोळ्यांत बघून बाद म्हणेन. तू तेथे असशील, तर तुझ्या डोळ्यांत पाणी येईल आणि तू माझ्यावर पुन्हा ओरडशील. ओरड. पण या वेळी हेंडगा फिरेपर्यंत शिवार सोडायचे नाही.

तुझ्या गाडीसाठी मालदांडीची चार धाटे वेगळी ठेवली आहेत. ती तुला पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

उत्तर लेखी हवे, तुझ्या अक्षरात, अमावस्येपूर्वी. काकांना आणतोस की आम्ही यावे, एवढेच नव्हे. गेल्या वर्षी काका अंबील शिंपडायला गेले असताना तू काय केलेस आणि ते परतल्यावर काय केले नाहीस, तेही त्यात असावे. त्याखाली काकांची सही घे. रेघ कितीही वाकडी गेली तरी तिला हात लावू नकोस.

आणि उत्तर एका पानात मावले नाही, तर पाने सुटीच पाठव. टाचणी लावू नकोस.

तुझी अक्का
महेश्वरी